वामनने लावलेले बॅरिअर

खोटं वाटलं तर वाटू द्या. अरविंद माझा मावसभाऊ, बऱ्हाणपूरचा. त्याच्यावर जे गुदरलं तेच सांगतोय. मे महिना, भर दुपार, दापोऱ्याच्या रस्त्यावरचं केळी पिकवायचं गोदाम.

त्या वर्षी मालकाने सगळ्या गोदामांची दारं एकाच नेटवर्कला जोडायला काढली होती. हे काम आधी वामनकडे होतं. वामन दिवाळीत घरीच हार्ट अटॅकने गेला आणि काम अरविंदकडे आलं.

अरविंदला वामनची मनापासून चीड होती. भित्रा माणूस, म्हणायचा.

केळी पिकतात त्या बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो. आत गेलेला माणूस बघता बघता आडवा होतो. म्हणून दार आधी हवा तपासतं, मगच उघडतं. त्यासाठी वामनने कर्नेलमध्ये, म्हणजे संगणकाच्या पार गाभ्यात, जागोजागी बॅरिअर लावले होते. बॅरिअर म्हणजे एका ओळीचा हुकूम: हवेचा नवा आकडा आधी पोचू दे, 'तपासलं' ही खूण त्यानंतर. नाहीतर प्रोसेसर घाईत क्रम उलटा करू शकतो, आणि दार जुन्याच आकड्यावर विसंबतं.

"ताईत बांधून ठेवलेत गाढवाने," अरविंद म्हणाला.

सगळे काढून टाकले.

लॅपटॉपवर चालवून पाहिलं. एकदाही चुकलं नाही. दारावरचा प्रोसेसर वेगळ्या, क्रम उलटवणाऱ्या जातीचा आहे, याचा विचार करायची तसदी या शहाण्याने घेतली नाही.

तोच कोड दारावर चढवला. दुपारी दारावरचा दिवा हिरवा झाला. कुलूप सुटलं.

गोदामात मजुरी करणारी रंभाबाई रिकामे क्रेट घेऊन आत निघाली. दाराला हात लावला...

आणि तिथेच थबकली.

"काय झालं?"

"अंदर कोणी हाय, साहेब. थांब म्हनते."

"आत केळी आहेत, बाई. केळी बोलत नाहीत."

"वामनभाऊचा आवाज हाय तो."

अरविंद हसला. या अडाण्यांच्या नादी कोण लागणार? त्याने स्वतः दाराला कान लावला.

आतून, अगदी हळू...

"थांब."

मुकादम कडूने हातातला हवा मोजायचा मीटर दाराच्या फटीशी धरला. मीटर केकाटायला लागला. आत विषारी हवा कोंडलेली होती.

दिवा मात्र हिरवाच.

"साहेब, ही बाई मेली असती ना आज," कडू म्हणाला.

अरविंदने तिथेच खाली बसून एकेक बॅरिअर परत लावला. तरी मनात शिवी होतीच... मेला तरी यालाच खरं ठरायचं होतं!

यंत्र पुन्हा सुरू झालं. दिवा लाल. कुलूप खट्कन लागलं. रंभाबाईने हात जोडले.

मग पंखे बंद पडले.

सगळं गोदाम चिडीचूप.

आणि आतून, दाराला तोंड लावून कोणी बोलावं तसं...

"आता ये, अरविंद."

दिवा लालच होता.

कुलूप सुटलं.

पुढे तिघा जाणकारांनी तो कोड ओळ न् ओळ तपासला. कुठेच चूक नव्हती. अरविंदने ते काम सोडलं. वामनला आता तो नावंही ठेवत नाही.

मला तो एवढंच सांगतो. रंभाबाईने बाही धरून मागे ओढलं, तेव्हा त्याचा एक पाय आत होता. जायचं की नाही, हे त्याने अजून ठरवलंही नव्हतं.