कुठली रग जिरली?

सामन्याआधी शीतल माने खाली वाकल्या, आपल्या खेळाडू समृद्धीच्या गुडघ्याची पट्टी घट्ट बांधली आणि कशालाही न धरता सरळ उभ्या राहिल्या. मैदानावरच्या पोरी बघतच राहिल्या. कबड्डीच्या या कोचबाई "आई गं" म्हटल्याशिवाय कधी उठल्याच नव्हत्या. मणक्यातली गादी सरकलेली. पट्टा झाला, शेक झाला, नाना तऱ्हेची तेलं झाली, पण फरक म्हणून नाही. आणि आता बघा!

"मॅडम, इंजेक्शन लई भारी दिसतंय," समृद्धी म्हणाली.

"भारीच हाय. सुई टोचली तेवढंच दुखलं बघ."

हे इंजेक्शन सांगलीत नवंच आलं होतं. डॉ. केतकी आगाशे पुण्याहून ते घेऊन आल्या होत्या. चिरफाड नाही, टाके नाहीत. कण्याशेजारी जेलीसारखं औषध सोडायचं, त्यात धुळीहून बारीक 'शोधकण'. पण हे कण आंधळे! दुखणं कुठलं ते रोग्यानेच त्यांना शिकवायचं. रोग्याने आपल्या दुखण्याचं नाव घ्यायचं. नाव घेताच नसांतून जी लहर धावते, ती कण ओळखून ठेवतात आणि पुढे कधीही ती आली की वाटेतच अडवतात.

"ठणका म्हणा," डॉक्टर म्हणाल्या होत्या. लहर दाखवणारी पडद्यावरची रेघ सपाट. कळ म्हणून झालं, चमक म्हणून झालं. रेघ ढिम्म.

"अवो, तसलं काय न्हाई. रग लागती कमरेत, रग! एकदाची ही रग जिरवा बघा माझी."

रेघ अशी उसळली की डॉक्टर खुर्चीतून उठल्या. "हाच शब्द! मनापासून म्हणा." मग काय, शीतलबाईंनी तो इतका ठासून म्हटला की बाहेर बसलेले त्यांचे यजमान उमेशराव दचकले. त्या संध्याकाळी बाई कमरेत न अवघडता जमिनीवर मांडी घालून जेवल्या आणि आनंदाने रडल्या.

आजचा सामना जिल्ह्याचा अंतिम होता आणि समृद्धीची राज्य संघातली निवड त्यावरच ठरायची होती. शेवटची चढाई तिची. तिघींनी तिला खाली पाडलं, पण त्याआधी तिचं बोट मध्यरेषेला लागलं होतं. पंचांनी मात्र तिला बाद दिलं. कॅमेऱ्यातून तपासणी मागायचा अधिकार फक्त कोचचा. सगळ्या पोरींनी बाकाकडे वळून पाहिलं.

नाव शीतल असलं तरी बाईंचा तवा कायम तापलेला. मागे एकदा पंच ऐकेनात, तर त्या मध्यरेषेवर फतकल मारून बसल्या होत्या. आज त्या बाकावर बसून राहिल्या. बोट लागलेलं त्यांनी पाहिलं होतं, अन्याय झालाय हे कळत होतं. आता आपण उठू, म्हणून त्या स्वतःचीच वाट बघत होत्या. तोंडातून निघालं ते "जाऊ दे." कोण बोललं, म्हणून त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं. तेवढ्यात शेवटची शिट्टी वाजली आणि सामना हातचा गेला.

"मॅडम, बोट लागलं होतं," समृद्धी रडत म्हणाली.

"लागलंच होतं की. बघितलं मी."

"मग उठला का न्हाईसा?"

"उठावंसंच वाटलं न्हाई गं," शीतलबाई म्हणाल्या. पोर हुंदके देत होती आणि त्यांना पोटात कुठेच काही हलल्यासारखं वाटेना. असं कसं झालं? त्या पार गोंधळून गेल्या.

सामना बघायला आलेले उमेशराव त्यांना थेट डॉ. आगाशेंच्या दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरांनी सगळं ऐकून विचारलं, "रग म्हणजे अंग भरून येतं, दुखतं, तीच ना?"

"तेवढीच कशी?" उमेशराव म्हणाले. "पोरींना ही रोज वरडती, 'रग दाखवा!' कुणी माजलं की म्हणती, 'जिरवते याची रग.' अंगातली धमक म्हंजे बी रगच की!"

डॉक्टरांनी पडद्यावर ती जुनी रेघ पुन्हा काढून पाहिली. "संताप काही नुसता डोक्यात नसतो. कंबर ताठ होते, पोटात गोळा येतो, पाय शिवशिवतात. तो सगळा निरोप कण्यातूनच जातो. तुमच्या एका शब्दाने दोन्ही लहरी उठल्या आणि कणांनी दोन्ही एकच समजून अडवल्या. मी शब्दाचा अर्थ विचारायला हवा होता. चुकलंच माझं."

"मग आता वो?" उमेशरावांनी विचारलं.

"शिकवलेलं पुसता येतं. पण दुखणंही सगळं परत येईल, आणि हे कण पुन्हा शिकत नाहीत."

निकालाविरुद्ध उद्यापर्यंत दाद मागता येणार होती, पण तिथे कोचनेच उभं राहून भांडायला हवं होतं.

उमेशराव डॉक्टरांकडे वळले. "पाठ धरून रडताना मीच बघितलंय हिला. परत तसलं भोगायला कसं सांगू? पण डॉक्टर, इंजेक्शननंतर ही जी मी घरी न्हेली, ती कोण हाय?"

"शीतलताई, निर्णय तुमचा. तुम्ही स्पष्ट सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

शीतलबाईंनी स्वतःच्या आत खूप शोधलं. दोन्ही बाजू कळत होत्या, पण एकीकडेही ओढ नव्हती.

"डॉक्टर," त्या शांतपणे म्हणाल्या, "माझी रग मला परत द्या, असं सांगायला बी अंगात रग लागती. ती आता मी कुठनं आणू?"