तिसऱ्या पडद्यामागचा हात

ही घटना शंभर टक्के खरी आहे. देवाशप्पथ.

म्हणजे, मी तिथे नव्हतो. माझे भाऊजी होते. पण भाऊजी खोटं बोलत नाहीत. त्यांना तेवढं सुचत नाही.

वेळ भरदुपारची. जागा, औषधाच्या दुकानावरचा फिजिओथेरपीचा दवाखाना. भूत मध्यरात्रीच येतं असा ज्यांचा समज आहे, त्यांनी दुपारची अपॉइंटमेंट घेऊन बघावी.

भाऊजी रंगारी. आयुष्य छताकडे बघण्यात गेलं. ऐन कामाच्या दिवसांत त्यांचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. भांग पाडायलासुद्धा ताई लागायची. तेव्हा एका नव्या ऑफिसच्या हॉलचं छत रंगवायचं काम ठरलेलं. ठेकेदार म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत हात वर गेला तर तुम्ही. नाही गेला तर माझा साडू आहेच."

भाऊजी जन्मात कुणाला घाबरले असतील तर या साडूला.

म्हणून अल्ट्रासाउंडचा उपचार सुरू झाला. खांद्यावर गार जेल फासतात आणि वायरीच्या टोकाचं गुळगुळीत हेड त्यावर गोल गोल फिरवतात. आवाज नाही. बाहेरून काही जाणवतही नाही. नियम एकच.

हेड थांबवायचं नाही...

एका जागी थांबलं, की आत हाडापाशी चटका बसतो.

तिसऱ्या पडद्यामागे पालथं झोपून टेबलाच्या भोकात तोंड घालायचं. खाली दिसते फक्त फरशी आणि मॅडमच्या निळ्या चपला.

त्या दुपारी मॅडमनी हेड फिरवायला घेतलं, तेवढ्यात शेजारच्या पडद्यामागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, माझा गुडघा!"

निळ्या चपला निघून गेल्या.

हेड फिरतच राहिलं...

भाऊजींना वाटलं, दुसरी कुणी मदतनीस आली असेल. हात हलका होता. सरावाचा.

"जरा वर घ्या बाई," भाऊजी म्हणाले.

हेड वर सरकलं.

वेळ संपली. मशीन पीं पीं वाजून बंद झालं.

हेड फिरतच राहिलं...

भाऊजींनी डोळे उघडले. फरशीवर जेलचा एक थेंब होता. एक केस होता.

पाय नव्हते.

दुसरा कुणी असता तर पडदा अंगाला गुंडाळून जिन्यावरून खाली गेला असता. भाऊजी शांतपणे घरी आले आणि उजव्या हाताने स्वतःचा भांग पाडला.

ताई बघतच राहिली.

"अहो, हात गेला की वर!"

"अगं, पण त्या बाईला पाय नव्हते."

"तिच्या पायांनी रंगवायचंय का छत? उद्या परत जा."

माझी ताई अशीच आहे. भुताच्या जागी मी असतो तर तो दवाखाना तेव्हाच सोडला असता.

भाऊजी जात राहिले. मॅडम सुरुवात करून जायच्या, पुढचं ती करायची. हात डोक्याच्या वर जाऊ लागला. फक्त एक झालं... हेड रोज थोडं हळू फिरू लागलं.

शेवटी भाऊजींनी मॅडमना विचारलं. मॅडमचा चेहरा उतरला.

"पूर्वी आमच्याकडे एक मावशी होत्या. याच टेबलापाशी गेल्या. हेड फिरवता फिरवता."

"अरेरे."

"पडल्या त्या पेशंटच्या अंगावर. हेड खाली तसंच दाबलेलं. चटका बसला हो त्याला! केवढी तक्रार केली!"

"कुणाची?"

"मावशींचीच. मध्येच थांबल्या म्हणून. मग मी त्यांच्या मुलीला बोलावून माफी मागायला लावली. पेशंट दुखावून कसं चालेल?"

महिनाअखेर आली. हात सरळ वर जायला अजून वीतभर कमी होता.

"मला भीती वाटते गं," भाऊजी म्हणाले.

"साडूची नाही वाटत?"

भाऊजी गेले.

पालथे झोपले. निळ्या चपला आल्या, गेल्या. हेड फिरू लागलं. हळू. आणखी हळू...

आणि थांबलं.

आत हाड तापू लागलं. भाऊजींना उठता येईना. पाठीवर कुणीतरी अख्खं रेललं होतं.

"मावशी, फिरवा... थांबू नका हो..."

कानाशी एक आवाज आला. अगदी मायेचा.

"माफी माग."

भाऊजींनी मागितली. आधी स्वतःच्या वतीने, मग त्या पेशंटच्या, मग मॅडमच्या. प्रत्येक माफीबरोबर हेड आणखी आत रुतत गेलं. भाऊजी गुरासारखे ओरडले. शेजारचा गुडघा म्हणाला, "मॅडम, यांना फारच गुण येतोय. मलाही तेच लावा."

मॅडमनी पडदा सारला. पाठीवर कुणी नव्हतं. हेड मशीनच्या खाचेत होतं. कोरडं.

खांद्यामागे बाटलीच्या बुचाएवढा गोल डाग पडला होता. हात मात्र सरळ वर गेला. पार छताकडे.

डाग अजून आहे. झोपेत भाऊजींचा हात ताईच्या पाठीवर गोल गोल फिरतो. आधी ती म्हणायची, बरं वाटतं. परवा मला बाजूला घेऊन म्हणाली,

"हल्ली हळू फिरतो रे..."

माझाही खांदा दुखतो. मी घरीच शेक घेतो.

आणि हो, त्या हॉलचं सांगायचं राहिलं. भाऊजी दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन पोचले, तेव्हा ठेकेदाराच्या साडूने तिथे तयार पट्ट्यांचं छत बसवून टाकलं होतं. पट्ट्या पांढऱ्याच येतात. त्यांना रंग लागत नाही.