टोलरची शिट्टी

जहाजावर शिट्टी वाजवायची नाही. वारा चवताळतो म्हणतात. मुभा एकट्या आचाऱ्याला. रविवारच्या पुडिंगसाठी मनुकांच्या बिया काढताना त्याने शिट्टी वाजवलीच पाहिजे, कारण शिट्टी वाजवणाऱ्या तोंडात मनुका जात नाही. आरमाराचा खलाशांवर विश्वास, तो एवढाच!

सब-लेफ्टनंट हॅलमला ही रीत भारी आवडायची. बेचाळीस सालचा अटलांटिक, वय एकवीस आणि मालवाहू जहाजांच्या काफिल्याची राखण करणारी ही चिमुकली युद्धनौका. येताजाता तो भटारखान्याच्या दारात थांबून आचारी टोलरची फिरकी घ्यायचा.

"शिट्टी थांबली तर समुद्रात फेकीन हं, टोलर!"

"फेका साहेब. तिथूनही वाजवीन. पुडिंग मात्र मग तुम्हीच करा, आणि देवाचं नाव घेऊन खा."

एका दुपारी दाट धुकं पडलं होतं. टोलर ब्रिजवर, जहाज चालवायच्या वरच्या मजल्यावर, असलेल्यांसाठी गरम कोको घेऊन उघड्या डेकवरून निघाला. चुलीपाशी उकडतं म्हणून तरंगजाकीट खुंटीलाच राहिलं होतं. लाट आली आणि गेली. डेकवर नुसती किटली गडगडत राहिली.

ब्रिजवर पहारा हॅलमचाच होता. हुकूम स्पष्ट होता: पाणबुड्या मागावर असताना एका माणसासाठी काफिल्यातली जागा सोडायची नाही. खाली सुकाणूवाल्याशी बोलायची नळी त्याच्या तोंडाशी होती. 'वळवा' हा शब्द जिभेवर आला होता. तेवढ्यात धुक्यातून शिट्टी ऐकू आली. तीच, पुडिंगची धून. टोलर सांगत होता, मी इथे आहे.

"आहे तसंच चालू द्या," हॅलम नळीत म्हणाला.

शिट्टी हळूहळू मागे पडत गेली.

"बरोबर केलंस, पोरा," कप्तान म्हणाले. पण हॅलमला ते पटेना. मागच्या एखाद्या जहाजाने उचललं असेल त्याला, या एका आशेवर तो तग धरून होता.

रविवारी दुपारी भटारखान्यातून शिट्टी आली. उचललं म्हणायचं! तो जिना उतरून धावत सुटला.

आत टोलर नव्हता. त्याच्या जागी लावलेला खलाशी बर्च भिंतीला पाठ लावून उभा होता.

"तू वाजवतोयस?"

"कशानं वाजवू, साहेब?" बर्चने ओठ वर केला. पुढचे दात मागच्या वादळात पडले होते. "मी अजून मनुकांची पिशवीसुद्धा उघडली नाही."

शिट्टी चालूच होती. टेबलापाशी.

वाडग्यात मनुका होत्या. बिया काढलेल्या, ओल्या. हॅलमने एक जिभेला लावली. खारट.

"चुकलं माझं, टोलर," तो म्हणाला. "खा रे बाबा. हव्या तेवढ्या खा. पण थांब आता."

शिट्टी थांबली नाही.

ती मागे पडू लागली. टेबलापासून भिंतीकडे, मग भिंतीपलीकडे, त्या दिवशीसारखीच.

"वळवा!" हॅलम ओरडला. "वळवा!"

भटारखान्यात नळी नव्हती.