सालोमीचं पान आधी कोण उघडतं?

सालोमी त्या सायबर कॅफेत शिरली ती निव्वळ समोरच्या कॅफेत लाइट नव्हती म्हणून. साल २००४, वसईचं माणिकपूर. गच्चीवरच्या अँटेनाला नालासोपाऱ्याच्या टॉवरवरून इंटरनेट मिळायचं. मधे रोज एखादी नवी इमारत उगवून सिग्नल अडवायची, आणि एक पान उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचा वडापाव खाऊन व्हायचा.

मस्कतच्या हॉस्पिटलची नर्सची निवडयादी उघडायला पहिल्या दिवशी सात मिनिटं लागली. यादीत रोज नवी नावं चढत, म्हणून ती रोज येऊ लागली. तिसऱ्या दिवसापासून मात्र — टिचकी मारली की यादी हजर!

सालोमी पापलेटसुद्धा कल्ले उचलून बघितल्याशिवाय घेत नसे. ती मालकासमोर, म्हणजे सुमेधसमोर, उभी राहिली.

"माझ्या आधी माझं पान कोण उघडतं?"

"मी... म्हणजे, सकाळी लाइन मोकळी असते. दहा जण मागतात ती पानं तेव्हाच माझ्या कॉम्प्युटरवर आणून ठेवतो. मग दिवसा टॉवरपर्यंत जायलाच नको."

"नर्सची यादी दहा जण मागतात?"

"...नाही."

"किती?"

"एक." सुमेध की-बोर्डकडे बघत म्हणाला. "साडेपाचला येते. निळी ओढणी."

ती लाजलीच असती. पण संशय आधी पोचला.

"म्हणजे मी बघते ती सकाळची शिळी यादी? दुपारी माझं नाव लागलं तर? मी जाऊच नये म्हणून हे—"

सुमेधने ठेवलेली यादी पुसली आणि नवी मागवली. पान ओळीओळीने खाली उतरू लागलं. कोपराला कोपर लागलं; कुणीच काढलं नाही. 'एस' अक्षर किती खाली असतं, ते दोघांना त्या दिवशी कळलं.

नाव होतं. होकार आजच कळवायचा होता.

"पुसली नसतीस तर मी इथेच राहिले असते," ती म्हणाली. 'तुम्ही' वगैरे दोघांनी केव्हाच सोडलं होतं.

"ठाऊक आहे."

"मग का पुसलीस?"

"तू यादी बघायला येतेस... मला नाही."

सालोमीने होकार धाडला. मग डोळे बारीक केले.

"दोन वर्षांचा करार आहे. थांबशील?"

"थांबेन."

"नुसत्या शब्दावर माझा विश्वास नाही. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की घरी ये. आईसमोर बोल."

सुमेध गेला. तिच्या आईने, हेलनबाईंनी, त्याला दोन तास उलटसुलट विचारलं, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं — आईपुढे लेक फारच भोळी होती.