व्लिसिंगनला माझ्याबरोबर कोण उतरलं?

हे मी पहिल्यांदाच लिहून काढतेय.

ज्यांना खोटं वाटेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. माझ्या नवऱ्यालाही ते अजून पुरतं पटलेलं नाही. पण मी तिथे होते, पूर्ण शुद्धीत होते, आणि जे झालं ते असंच झालं.

रात्र नव्हती. अमावास्या वगैरे काही नव्हती.

सप्टेंबर २०२१. दुपार. गाव व्लिसिंगन, नेदरलँड्सच्या पार खालच्या टोकाचं जुनं बंदर.

मी पूर्णिमा. ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमनमध्ये राहते, आयटीत आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या सासूबाई नाशिकला कोविडने गेल्या. अंबरीश, माझा नवरा, शेवटच्या काही विमानांपैकी एकाने कसाबसा पोचला. मग विमानंच बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली तरी सासऱ्यांना एकटं टाकून यायला त्याचा पाय निघेना. तो तिकडेच राहिला.

मी इकडे एकटी. ऑफिस घरून. दिवसभर लॅपटॉपमधल्या माणसांशी बोलायचं, आणि तो मिटला की घरात फ्रिजचा आवाज. जवळजवळ पाच महिने माझ्या शेजारी कोणी बसलं नव्हतं. इथे तर दुकानातसुद्धा माणसं दीड मीटर लांब उभी राहायची.

आदल्या वर्षी आम्ही दोघांनी एका छोट्या क्रूझचं बुकिंग केलं होतं. ॲमस्टरडॅमहून निघून दक्षिणेकडच्या झीलंड प्रांताची बंदरं बघत परत. ती रद्द झाली आणि व्हाउचर मिळालं. त्याची मुदत संपत आली, तेव्हा अंबरीशच म्हणाला, तू तरी जाऊन ये, घरात बसून वेड लागेल तुला.

म्हणून मी गेले. दोघांच्या केबिनमध्ये एकटी.

बोटीवर बहुतेक सगळी म्हातारी डच जोडपी होती. माझ्याशी मराठीत बोलणारा एकच माणूस होता, शिरीष. दापोलीकडचा, तिशी-पस्तिशीतला, बोटीचा कर्मचारी. माझं आडनाव वाचून पहिल्याच दिवशी विचारत आला, मॅडम, तुम्ही मराठी का? ते ऐकून मला भरून आलं होतं.

व्लिसिंगनला बोट लागली. बाकीचे लोक बसने शेजारच्या गावी फिरायला गेले. मला त्या घोळक्यात जायचं नव्हतं. म्हटलं, आपलं आपण गाव बघू.

उतरताना दाराशी मशीनला केबिनचं कार्ड लावायचं असे, उतरल्याची नोंद म्हणून. टिंग वाजलं की जायचं. त्या दिवशी तिथे शिरीषच उभा होता.

मी कार्ड लावलं. टिंग.

दोन पावलं पुढे गेले... आणि मागे पुन्हा वाजलं.

टिंग.

मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. शिरीष मशीनकडे बघत होता. मला म्हणाला, काही नाही मॅडम, तुम्ही जा. पण त्याने ते माझ्याकडे न बघता म्हटलं.

गाव शांत होतं. वारा होता, ऊन नव्हतं. अरुंद गल्ल्या, विटांचे रस्ते, खिडक्यांत कुंड्या. मी उगाच फिरत राहिले.

एका बेकरीत शिरले. दारावर पाटी होती, एका वेळी फक्त दोन गिऱ्हाइकं. आत मी एकटीच होते. तिथली खासियत म्हणून दालचिनीचा एक चिकट, गोड, वेटोळा पाव मिळतो, त्याला बोलस म्हणतात. तो मागितला.

बाहेर एक माणूस आला. काचेतून आत पाहिलं... आणि दाराबाहेरच थांबला.

मला वाटलं, असेल घाबरट. मी खूण केली, या. त्याने पाटीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. आत जागा नाही, अशी.

बेकरीतली मुलगी मला पिशवी देत म्हणाली, "आणि मेनेरना काय देऊ?"

मेनेर म्हणजे साहेब. ती माझ्या डाव्या खांद्याच्या मागे बघत होती.

मी म्हटलं, मी एकटीच आहे. ती गोंधळली, सॉरी म्हणाली. पण तिची नजर तिथून हलली नाही.

मी बाहेर पडले. स्वतःला समजावलं की भाषेचा घोटाळा झाला असेल. माझं डच यथातथाच.

मग गल्लीत आवाज सुरू झाला.

चप्प... चप्प... चप्प...

ओल्या फरशीवर रबरी चपला वाजाव्यात तसा. रस्ता कोरडा होता.

मी थांबले की आवाज थांबायचा. मी वळले की गल्ली रिकामी. घाईत नव्हता तो आवाज. माझा पाठलाग करतोय असंही वाटत नव्हतं. नव्या गावात आपण कोणाच्या तरी मागोमाग चालतो ना, रस्ता माहीत नसताना... तसा.

माणसांत जावं म्हणून मी समुद्राकडे निघाले. वाटेत चौकात एका कॅफेची टेबलं मांडलेली होती. जरा टेकले, कॉफी सांगितली.

वेटर कॉफी घेऊन आला.

दोन कप होते.

एक त्याने माझ्यासमोर ठेवला. दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

मी दोन्हींचे पैसे ठेवले आणि उठले. चौक ओलांडताना मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

व्लिसिंगनचा समुद्रकिनारा म्हणजे लांबलचक बांध, त्यावर फिरायचा रस्ता आणि बाकं. तिथे मोठमोठी जहाजं किनाऱ्याच्या अगदी जवळून जातात, हात लांब केला तर लागतील असं वाटतं. पण त्या क्षणी मला कसलीच मजा वाटत नव्हती. मी एका बाकावर बसले.

थोड्या वेळाने बाकाची फळी करकरली... आणि माझ्या शेजारी किंचित खाली गेली.

मी समोर बघत राहिले. मान वळवायची हिंमत झाली नाही.

पळून का नाही गेले, असं मला नंतर अंबरीशने विचारलं. त्याचं खरं उत्तर मी त्याला दिलं नाही, इथे देते. मला भीती वाटत होतीच. पण इतक्या महिन्यांनी कोणीतरी माझ्या शेजारी बसलं होतं.

एक म्हातारी बाई कुत्रं घेऊन चालली होती. कुत्रं बाकापाशी येऊन अडलं, पुढे येईना. बाई आमच्याकडे बघून थांबली आणि अगदी हळू आवाजात, सावकाश डचमध्ये मला म्हणाली, "तुमच्या मिस्टरांना बरं नाही का? मघापासून रडताहेत."

मी मान हलवली. ती कुत्र्याला ओढत निघून गेली.

मग मी समोर बघतच बोलले. का कोण जाणे, मराठीत बोलले. म्हटलं, रडू नका. बसा निवांत. समुद्र बघा.

एक भलं मोठं मालवाहू जहाज समोरून गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघं बसून होतो. हो, दोघंच म्हणते मी.

बोटीची वेळ झाली तेव्हा मी उठले. सगळा रस्ता कान मागे लावून चालले.

मागे काही वाजलं नाही.

बोटीवर शिरताना कार्ड लावलं. टिंग.

शिरीष मशीनजवळच होता. तो थांबला. मीही थांबले. आम्ही दोघंही दुसऱ्या आवाजाची वाट बघत होतो, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

दुसरा वाजला नाही.

त्याने माझ्या मागे धक्क्यावर नजर टाकली. मग पहिल्यांदाच मॅडम सोडून म्हणाला, "ताई, ते तिकडेच राहिले का?"

मी विचारलं, कोण ते?

तेव्हा त्याने सांगितलं. बोटीच्या किचनमध्ये वासुदेव नावाचे गृहस्थ होते. गुहागरचे, पन्नाशी उलटलेले. पहिल्या लॉकडाउनमध्ये बोट अशीच एका धक्क्याला बांधून ठेवली होती, महिनोन्‌महिने. गाव समोर दिसायचं, माणसं सायकलवरून जाताना दिसायची, पण कोणालाही उतरायची परवानगी नव्हती. घरीही जाता येत नव्हतं. वासुदेवकाका रोज कामाच्या रबरी चपला घालून दारापर्यंत यायचे आणि उभे राहायचे. जमिनीवर एकदा पाय ठेवू द्या, एवढंच म्हणायचे. एका सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत.

शिरीष म्हणाला, तेव्हापासून दारात पाऊल वाजतं, कधीकधी. पण खाली कोणाबरोबरच गेले नव्हते. तो स्वतः रोज उतरायचा, त्याच्याबरोबरही नाही.

मग माझ्याबरोबरच का, हे त्यालाही सांगता आलं नाही.

"तुम्ही काही बोललात त्यांच्याशी? निघताना?"

मी बोलले होते. बाकावरून उठताना, सवयीने. कोणाच्याही घरून निघताना आपण जे म्हणतो तेच.

"येते मी, असं म्हणाले."

शिरीषने पुन्हा धक्क्याकडे पाहिलं.

"येते म्हणालात," तो म्हणाला. "मग ते वाट बघत बसतील, ताई."

बोट सुटली. मी डेकवर उभी राहिले. बांधावरचं ते बाक दिसत होतं. रिकामं.

एक तरुण जोडपं चालत आलं. बाकाजवळ पोचलं... थांबलं. मुलाने मान लववली, माफी मागावी तशी. आणि ते पुढच्या बाकावर जाऊन बसले.

पुढच्या वर्षी अंबरीश परत आला. सासरेही काही महिने येऊन राहून गेले. घर पुन्हा घरासारखं झालं. शिरीषने ती बोट सोडली, आता त्याचा फोन लागत नाही.

पण बंदरावर जोराचा वारा आहे असं बातम्यांत सांगतात, तेव्हा माझं कशात लक्ष लागत नाही. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही, अशा गावात मी एका माणसाला बसवून आलेय.

अंबरीश म्हणतो, ॲमस्टरडॅमहून थेट गाडी आहे, एकदा जाऊन ये, म्हणजे तुझ्या मनातलं जाईल. दोनदा मी स्टेशनपर्यंत गेलेही. प्लॅटफॉर्मवरूनच परत आले.

तिथे जायला मी आता घाबरत नाही. जाईन, बाकावर बसेन, बोलेनसुद्धा.

पण मग उठून निघायची वेळ होईल.

आणि निघताना त्यांना काय म्हणायचं, ते मला अजून कळलेलं नाही.