वळणावरचे दोन ठोके

शेगडीत अजून एक ओंडका टाक, टेसा, आणि दार लोटून घे, डास येतात. बसा सगळे. दिवसभर काठावर रोपं लावून कंबरडं मोडलंय तुमचं, ठाऊक आहे मला. माझंही मोडलंय, आणि माझं तर आधीच मोडकं होतं.

संध्याकाळी तू विचारलंस ना, की बूट कोरडे ठणठणीत असताना वाटेवरच्या बादलीत ते घासायचे कशाला? मी तुझ्यावर खेकसलो. मी खेकसतोच, मनावर घेऊ नकोस. पण उत्तर द्यायचं राहिलं. ते दिवसाउजेडी देण्यासारखं नव्हतंही.

मी भूतबीत मानणारा माणूस नाही. चाळीस वर्षं नावा बांधल्या, रात्री-अपरात्री या लिटल ऍल्डर नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलोय, मला कधी काही दिसलं नाही. पण ऑर्विल टटलला मी ओळखत होतो. शाळेच्या बस दुरुस्त करायचा. थाप मारणं त्याला जमायचंच नाही. मासा दहा इंची निघाला तर हा नऊच सांगायचा. गळ टाकणाऱ्यांत असा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

ऑर्विलने लग्न केलं नाही. त्याचं सगळं गणगोत म्हणजे एक एमरी हास्के. अडतीस वर्षं दोघं नदीच्या एकाच वळणावर ट्राउट मासे धरायचे. धरायचे आणि सोडून द्यायचे. ओल्या हाताने मासा पाण्यातच तोलून धरायचा, त्याचा दम परत आला की बोटं ढिली करायची, शेपटीचा एक फटका मनगटाला बसतो आणि हात रिकामा. तेवढ्यासाठी सगळं. ज्याला कळतं त्याला कळतं.

एमरी नदीच्या बाबतीत फार कडक. खाली दक्षिणेच्या नद्यांत ती तिळाएवढी गोगलगाय आली, तेव्हापासून तर वेडाच झाला होता. एक गोगलगाय पुरे होते, तिला जोडीदारही लागत नाही. वर्षा-दोन वर्षांत दगडावरचं सगळं खाऊन टाकते, माशांना खायला काही उरत नाही. आणि येते कुठून? तुमच्या-आमच्या बुटांच्या चिखलातून. म्हणून वाटेच्या तोंडाशी त्याने बादली ठेवली, देवदाराच्या बुंध्यात दोन खुंट्या ठोकल्या, आणि येईल त्याचे बूट स्वतः घासायचा. राकट केसांचा ब्रश होता त्याचा. घासून झाले की नाड्यांनी खुंटीला टांगायचा. ऑर्विलचे बूट घासताना मात्र डाव्या बुटात हळूच एक पेपरमिंटची गोळी सोडायचा. ऑर्विल पाय घालायचा, अंगठ्याला गोळी टोचायची, तो शिवी हासडायचा आणि एमरी खी-खी हसायचा. अडतीस वर्षं तोच विनोद. आम्हाला वीट आला होता, त्यांना नाही आला.

एमरी एप्रिलात गेला. लॉरेटाने, म्हणजे त्याच्या बायकोने, शवपेटीत त्याच्या हाताशी गळाची काठी नाही ठेवली. ब्रश ठेवला. आम्ही रडता रडता हसलो. मीच होतो पेटी उचलणाऱ्यांत.

आणि मग त्या बादलीकडे कुणी बघितलं नाही. मला वाटलं कुणीतरी नवा ब्रश आणेल. सगळ्यांना तसंच वाटलं. मीही त्यातलाच, सांगायला लाज वाटते.

ऑर्विल तर आपल्या नदीकडे फिरकेचना. मे-जून सगळा तो दूर खालच्या, दक्षिणेच्या नदीवर जायचा. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, एमरीबद्दल कुणी विचारत नव्हतं. एकटा जायचा, एकटा यायचा. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघत नाही, असं एकदा मला म्हणाला होता. मी त्याला जेवायला बोलवायला हवं होतं.

पण एक काम राहिलं होतं. दवाखान्याच्या खाटेवर एमरीने गळाला लावायची शेवटची एक खोटी माशी बांधली होती, पिवळ्या पिसांची. हात कापत असल्यामुळे तिचा एक पंख वाकडा झाला होता. ती ऑर्विलला देऊन म्हणाला होता, जूनअखेरीस पाण्यातून खऱ्या मोठ्या माशा उठतील, मासे त्या खायला वर येतील, तेव्हा आपल्या वळणावर ही टाक.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सत्तावीस जून, मंगळवार. खालच्या नदीवर ऑर्विलला कुणीतरी सांगितलं की वर लिटल ऍल्डरवर माशा उठायला लागल्यात, आजची नाहीतर उद्याची रात्र, मग संपलं. तो तसाच गाडीत बसला. छातीपर्यंतची रबरी विजार अंगावर, बूट पायात. त्या बुटांच्या खाचांत खालच्या नदीचा चिखल तसाच होता, ओला.

वाटेच्या तोंडाशी पोचला तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. चंद्र नव्हता. बादली कोरडी, ब्रश नाही. तो थांबला होता म्हणे जरासा. मग मनाशी म्हणाला, एका रात्रीने काय होतंय. आणि चालायला लागला.

तुम्हाला आपली रीत ठाऊक आहे. वळणावर रात्री दिवा लावायचा नाही, मासा बुजतो. बोलायचं नाही. काठावरच्या पडलेल्या ओंडक्यावर काठीने दोन ठोके द्यायचे. पाण्यात कुणी असेल तर तो उलट दोन ठोके देतो. मग जागा त्याची. तो निघेपर्यंत आपण काठावर बसायचं.

ऑर्विलने सवयीने दोन ठोके दिले. एक पाय पाण्याकडे टाकलाही होता.

पाण्यातून दोन ठोके आले.

त्याला आधी रागच आला. आमच्या वळणावर कोण हा उपटसुंभ? पण रीत ती रीत. पाय मागे घेतला, ओंडक्यावर बसला. माशा तोंडावर येऊन आपटत होत्या. समोर अंधारात मोठा मासा तोंड वर काढून माशी टिपत होता, चुळूक... चुळूक... तो आवाज ऐकून कुणाचेही हात शिवशिवतील. आणि त्या आवाजाच्या वर गळाचा दोर हवेत फिरत होता. दोन तोकडे झोके, एक लांब. मग जरा थांबायचा. परत दोन तोकडे, एक लांब.

असा दोर एकच माणूस फिरवायचा. लहानपणी त्याचा कोपर मोडला होता, म्हणून.

अकरा वाजले. साडेअकरा. विजारीतून गारठा चढायला लागला. ऑर्विलने बूट काढून शेजारी ठेवले, पाय पोटाशी घेतले. पाण्यातला माणूस जागचा हलत नव्हता. पावलाचा आवाज नाही, खोकला नाही. नुसता दोर.

बाराच्या सुमाराला ऑर्विलने रीत मोडली. बोलला.

"एमरी?"

दोर थांबला.

मासाही थांबला. बेडूक थांबले. पाणी वाहत होतं की नाही, मला सांगता येणार नाही, असं तो म्हणाला.

"एमरी, मला करमत नाही रे."

काही नाही...

बराच वेळ काही नाही. मग पाठीमागून आवाज आला. पंधरा-वीस पावलांवरून, वाटेकडून. खस्... खस्... खस्... राकट केस रबरावर घासल्याचा. सावकाश. मध्ये पाणी ओतल्याचा. परत खस्... खस्...

ऑर्विलने शेजारी हात लावून बघितला.

बूट नव्हते.

तो वळला नाही. मान वळवायची हिंमतच झाली नाही म्हणाला. डोळे मिटून बसला. आवाज किती वेळ चालला कोण जाणे. मग थांबला. मग बेडूक ओरडायला लागले.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी तो उठला. अनवाणी, नुसत्या विजारीच्या पायांनी, चाचपडत वाटेच्या तोंडाशी आला. देवदाराच्या खुंट्यांना बूट टांगले होते. नाड्यांनी. पाणी निथळत होतं. खाचांत बोट घातलं, कणभर चिखल नाही. बादली मात्र कोरडी. आत कोळ्याचं जाळं, ते जसंच्या तसं.

पहाटे पाच वाजता तो माझ्या दारात उभा होता. मी कॉफी दिली. सगळं सांगितलं त्याने, पण घाबरलेला नव्हता. चिडला होता. डोळ्यांत पाणी होतं आणि चिडला होता.

"नदीसाठी आला तो," मला म्हणाला. "बरोबर केलं त्याने. मी ती अवदसा नदीत सोडणार होतो, माझ्या हाताने. पण मी तिथे चार तास बसलो होतो. मी त्याला हाक मारली. माझ्यासाठी एक शब्द नाही निघाला त्याच्या तोंडातून."

मी म्हटलं, आज मी येतो तुझ्याबरोबर.

नवा ब्रश घेतला, आणि गेलो. अठ्ठावीस जून, रात्रीचे साडेनऊ, अजून उजेड होता थोडा. मी बादली भरली, माझे बूट घासले. ऑर्विलचे घासायची गरज नव्हती. ते त्याने पहाटेपासून तसेच गाडीच्या मागे ठेवले होते, हात लावला नव्हता. बाहेरून अजून ओले होते. आत ओल होती. मी स्वतः बघितलं.

गाडीच्या मागच्या फळीवर बसून त्याने उजवा चढवला. मग डाव्यात पाय घातला. आणि थांबला.

मला वाटलं, काटा लागला. त्याने पाय बाहेर काढला, बूट उलटा केला, तळहातावर झटकला.

पेपरमिंटची गोळी. कागदासकट. कागद कोरडा होता, पोरांनो. सुरकुतीसुद्धा नाही.

ऑर्विल किती वेळ तिच्याकडे बघत बसला. मग अगदी हळू आवाजात, इतकी वर्षं द्यायचा तीच शिवी त्याने दिली. कुणी हसेल का, आम्ही दोघं ऐकत होतो.

कुणी हसलं नाही.

मग तो वळणावर गेला. दोन ठोके दिले. उत्तर आलं नाही. जागा रिकामी होती. तो पाण्यात उतरला, ती वाकड्या पंखाची माशी टाकली. मी काठावर बसून ऐकलं, चुळूक, मग घर्र घर्र दोर पळाला, मग बऱ्याच वेळाने शेपटीचा फटका. सोडला त्याने. किती मोठा होता विचारलं तर म्हणाला, ठीक होता. म्हणजे चांगला वीस इंची असणार.

त्यानंतर चार वर्षं दर मंगळवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा. आता तोही नाही. दर शरदात पाणी तपासणारी माणसं येतात, दगड उलटून बघतात. लिटल ऍल्डरमध्ये ती गोगलगाय अजून सापडलेली नाही.

ती बरणी दिसतेय, टेसा? खिडकीच्या फळीवर, कॉफीच्या डब्यामागे. ऑर्विलने जायच्या आधी माझ्याकडे दिली. गोळी त्याने खाल्ली नाही. सहा वर्षं झाली, उन्हाळ्यात या खोलीत लोणी वितळतं, पण ती अजून तशीच आहे. दिवा घेऊन जा आणि बघ. कागद किती कोरडा आहे ते बघ.

हात मात्र लावू नकोस.