कोपराची खूण

"सुताराच्या कानात काय सांगितलंत, आई? ओट्याचं माप बदललंत ना? शेवटी सगळं तुमच्याच सोयीचं!"

सुनेचे ते शब्द सासूबाईंच्या काळजाला डागणी देऊन गेले... पण चेहऱ्यावर त्यांनी आणली ती निव्वळ तुच्छता. त्यात त्यांचा हातखंडा होता!

"तू तुझे रंग बघ," त्या म्हणाल्या.

रंग! दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. मोबाइलमधलं ते पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, वर टांगते दिवे, उघड्या फळीवर एक लिंबू नि एक रोपटं! मिठाची बरणी कुठे? तिथे कुणी जन्मात कांदा तरी चिरला असेल का? अंथरूण हातभर आणि पाय चालले वेशीपर्यंत! पैसे जेमतेम, ओटा एकदाच फोडता येणार. आणि या शहाणीने जुन्या ओट्याचीच उंची कागदावर उतरवून ठेवलेली. रोज त्याच्यावर वाकून कंबर धरते, रात्री मलम चोळते, तरी डोक्यात उजेड नाही! सासूबाईंनीच ते माप खोडायला लावलं होतं... पण सांगायचं कशाला? बोलणी खायची त्यांना सवय होती.

पांढराशुभ्र ओटा झाला. सून कांदा चिरायला उभी राहिली. अर्धा तास गेला, तरी कंबर दुखेना! तेवढ्यात सासूबाई चहा ठेवायला आल्या, त्यांनी पायाने स्टूल ओढलं आणि भिंतीला धरून त्यावर चढल्या.

कपाटाची मूठ बसवणारा सुतार हसला. "ताई, ओटा कोपराच्या चार बोटं खाली हवा. तुम्ही दाराला टेकून मोबाइल बघत होतात ना, तेव्हा आजींनी चौकटीवर तुमच्या कोपराची खूण केली. मी म्हटलं, तुमचं काय? म्हणाल्या, मी चढेन कशावरही."

सुनेने चौकटीकडे पाहिलं. पेन्सिलीची ती बारीकशी रेघ तिच्या डोळ्यांत विरघळली... "आई! मी काय काय बोलले हो तुम्हाला!"

"बोललीस खरी. तोंड बाकी मापात नाही तुझं."

"दादा, ते आणून ठेवलेले टांगते दिवे परत करा," सून हुंदके देत म्हणाली. "त्या पैशांत खिडकीखाली एक बुटका ओटा करा. आईंच्या मापाचा!"

"आधी डोळे पूस! पांढऱ्यावर डाग पडतात, हे मोबाइलवाले सांगत नाहीत वाटतं?" सासूबाई फणकारल्या. "आणि एक दिवा राहू दे. तेवढा बरा दिसतो."

मग सुनेचा हात धरून त्या स्टुलावरून उतरल्या आणि मुकाट्याने चौकटीला टेकून, कोपर दुमडून उभ्या राहिल्या.